'ठरलं' म्हणजे कोणी ठरवलं?

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या बैठकीत पुस्तकखरेदीवरून चांगलीच जुंपली. रक्कम किरकोळ, बारा हजार रुपये. पण मोठ्या ठरावांच्या वेळी पोटात राहतं ते कधीकधी अशा किरकोळ रकमेवरून ओठांवर येतं. निधी देणाऱ्या कंपनीच्या सामाजिक विभागाने यादी पाठवली होती. व्यक्तिमत्त्व विकास, यशाचे मार्ग, सकारात्मक विचार, वेळेचं नियोजन, मुलाखतीला कसं सामोरं जावं. मी म्हटलं, निम्म्या पैशांच्या कादंबऱ्या घेऊ. आमची एक जुनी कार्यकर्ती, जिच्याबरोबर मी दहा वर्षं पोलीस चौक्यांच्या पायऱ्या चढले आहे, म्हणाली, "कादंबऱ्या? आपण काय दुपारचं भिशी मंडळ चालवतो का गं?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. घरी पोचेपर्यंत मात्र त्या हसण्याचा, विशेषतः माझ्या स्वतःच्या हसण्याचा, राग यायला लागला.

आधी माझीच कबुली देते. तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी बोलले असते. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात आम्हाला गरजा ओळखायला आणि त्यांचा प्राधान्यक्रम लावायला शिकवलं होतं. पाणी, रेशन, मारहाण, पोटगी, दाखले. या यादीत कादंबरी कुठे बसवणार? आमच्या केंद्रातलं कपाटही याच शिस्तीचं. वरच्या फळीवर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या पुस्तिका, मधल्या फळीवर आरोग्याची चित्रं आणि पोस्टरं, खाली स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. अगदी तळाला, कोणीतरी आपल्या वारलेल्या मावशीचं घर आवरताना आणून दिलेला जुन्या कथा-कादंबऱ्यांचा गठ्ठा. 'नको' म्हणणं बरं दिसत नव्हतं म्हणून आम्ही तो ठेवून घेतला होता.

त्या गठ्ठ्यातून एका मुलीने ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' काढली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सोलापूरच्या पूर्व भागातलं एका खोलीचं घर, आई विडी कामगार, घरात बोलणं तेलुगू, शाळा मराठी. (तिच्या बोलण्याबद्दल लिहायला तिची परवानगी आहे, नावाची नाही. म्हणून नाव देत नाही आणि घरचे काही तपशीलही बदलले आहेत.) हेच पुस्तक का घेतलंस, असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "सगळ्यांत जाड होतं ताई. बारीक पुस्तक दोन दिवसांत संपतं. मग परत यायला घरी काय सांगणार?"

म्हणजे पुस्तक हे आधी घराबाहेर पडायचं निमित्त होतं. साहित्यप्रेमी मंडळींना हे ऐकून वाईट वाटेल. मला वाटत नाही. पाणवठा, देऊळ, शिवणाचा क्लास ही बायकांची निमित्तं आपल्याला ठाऊक आहेत. त्यांत एका कादंबरीची भर पडली.

आणि मी काय केलं? ती केंद्राच्या पायरीवर बसून ते जाड पुस्तक वाचत होती, आणि मी जाता जाता म्हटलं, "हे कशाला वाचतेस? बँकेच्या परीक्षेचं नवीन पुस्तक आलंय, ते बघ." अगदी आपुलकीने म्हटलं. रमाबाई रानड्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत घरातल्या बायकाच वाचणाऱ्या सुनेला कशा छळत हे लिहून ठेवलं आहे. ते शिबिरात सांगताना माझा आवाज नेहमी चढतो. त्या बायकांच्या रांगेत आपण स्वतः कधी उभ्या राहतो, ते मात्र कळत नाही. त्यांनी टोमणे मारले, आम्ही मार्गदर्शन करतो.

ती कादंबरी तुमच्यापैकी अनेकींनी शाळा-कॉलेजात कधीतरी वाचली असेल, किंवा नुसती नावाने ऐकली असेल. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ती क्रमशः येत होती. त्याच सुमारास संमतिवयाच्या कायद्यावरून पुणं पेटलं होतं. मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं म्हणजे धर्म बुडाला, अशी ओरड चालू होती. कायदा १८९१ मध्ये झाला. कादंबरीतली यमू स्वतःच आपली हकिकत सांगते. माहेर, सासर, समजूतदार नवरा, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य, आणि शेवटी जबरदस्तीने केलेलं केशवपन. लिहिणारा पुरुष आहे, पण बोलते ती मुलगी. पुणेरी ब्राह्मणी घर, सव्वाशे वर्षांहून जुनी मराठी. आमच्या मुलीला निम्मे शब्द अडले. तरी तिने ती दीड महिन्यात पुरी केली.

त्यात एक गोष्ट अशी घडली की तिच्यामुळेच मी लिहायला बसले आहे.

घरी ती आईबरोबर विड्या वळायला बसायची. सकाळी कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवायची, कापायची, वळायची, मोजून द्यायची आणि छाट निघाली की तेवढी मजुरी सोडून द्यायची, हे चक्र सोलापुरात कोणाला सांगायला नको. हात चालू असताना मोबाइलवर मालिका चालू असते. एकदा मोबाइल बिघडला. आई म्हणाली, ते जाड पुस्तक काय आहे ते तरी सांग. मग ही वळता वळता रोज थोडं थोडं तेलुगूत सांगायला लागली. शेजारच्या दोघी आपापली सुपं घेऊन येऊन बसू लागल्या. सांगताना ही घाईत म्हणायची, मग तिचं लग्न ठरलं, मग तिला असं असं करावं लागलं, मग तिचे केस काढले. आई दर वेळी हात थांबवून विचारायची, "एवरु?" कोणी? कोणी ठरवलं? कोणी काढायला लावले?

आणि पुस्तकात प्रत्येक वेळी उत्तर सापडायचं. शंकरमामंजींनी. अमक्या बाईने. अमक्याने केलं, तमका बघत उभा राहिला, आणखी एकाला वाईट वाटलं पण तो बोलला नाही. तिथे 'परिस्थिती'ने काही होत नाही. जे होतं ते नाव असलेली माणसं करतात. त्यांना कारणं असतात, त्यांतली काही धार्मिक पोथीतली, बरीचशी पैशाची नि मानाची. भली माणसंही कुठे आणि कशी सामील होतात, तेही दिसतं.

तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न २०२० च्या टाळेबंदीत झालं. बहीण सतरा वर्षांची होती. पन्नास माणसांची मर्यादा, म्हणून स्वस्तात उरकलं. घरात ही गोष्ट नेहमी एकाच वाक्यात सांगितली जाई, 'लॉकडाउन लागला आणि तिचं ठरलं.' जसं काही लग्न विषाणूनेच ठरवलं! एका संध्याकाळी यमूची गोष्ट चालू असताना मुलीने आईलाच विचारलं, "अम्मा, अक्काचं कोणी ठरवलं होतं?" आई बराच वेळ वळत राहिली. मग म्हणाली, "मामाने. त्याला यंत्रमागवाल्या शेटचं देणं होतं, मुलगा शेटच्या नात्यातला." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मी."

हे मला मुलीने केंद्रात येऊन सांगितलं. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, मी पाच वर्षं हेच धरून होते की आम्ही गरीब म्हणून झालं. गरीब आहोतच. पण गरिबी काही पत्रिका छापत नाही."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. हा आकडा आम्ही प्रत्येक अहवालात लिहितो. लिहायलाच हवा. पण हा आकडा दहा वेळा वाचून कोणाच्या आईने 'आणि मी' म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता त्या कंपनीच्या शिबिराकडे येते. मार्गदर्शक तरुण होता, सज्जन होता, स्वतः कंत्राटावर होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याने मुलींना कागद वाटले. 'माझी बलस्थानं', 'माझ्या उणिवा', 'पाच वर्षांनी मी कुठे असेन'. आमच्या मुलीने शेवटच्या प्रश्नाखाली लिहिलं, 'हे मला विचारून ठरणार आहे का?' त्याने ते वाचून सगळ्यांसमोर प्रेमाने समजावलं की असा नकारात्मक विचार केला तर प्रगती होत नाही, आपल्या यशापयशाला आपणच जबाबदार असतो.

मैत्रिणींनो, हे वाक्य नीट तपासून बघा. आपणच जबाबदार! ज्या मुलीच्या बहिणीला मामाच्या देण्यापोटी दिलं, तिला आपण बारा हजारांची पुस्तकं आणून हे शिकवणार? जुन्या काळी नशिबाला दोष द्यायचे. त्यात निदान बाईची स्वतःची चूक नसायची. या नव्या शिकवणीत नशीबही बाईनेच घडवायचं आणि बिघडलं तर तिनेच पहाटे उठून स्वतःला सुधारायचं. व्यक्तिमत्त्व विकासाच्या या पुस्तकांत सासू नसते, मामा नसतो, शेट नसतो, खोलीचं भाडं नसतं. एकटी 'मी' असते आणि तिची ध्येयं असतात. चाळीस वर्षं चळवळीने बाईला घसा कोरडा करून सांगितलं की तुझ्यावर जे गुदरलं तो तुझा एकटीचा दोष नाही. आणि आता निधीबरोबर येणाऱ्या यादीतून तोच दोष आपण चकचकीत वेष्टनात घालून तिला परत करतो आहोत.

पण आपल्याही घरात डोकावू या. त्या दिवसानंतर मी माझे जुने केस पेपर काढून वाचले. माझंच अक्षर, माझीच भाषा. 'वैवाहिक समायोजनाचा अभाव.' 'अर्जदाराचे शिक्षण सुटले.' 'वारंवार मारहाण होते.' शिक्षण सुटलं, जशी काही बसमध्ये पिशवी राहून गेली! मारहाण होते, जसा पाऊस होतो! समुपदेशनाच्या शास्त्राने मला नि:पक्षपाती राहायला शिकवलं आणि त्या नि:पक्षपातीपणात कर्ताच वाक्यातून पळून गेला. भाषणात तर आपण 'पुरुषप्रधान संस्कृती' म्हणतो. शब्द बरोबर आहे, तो रुळावा म्हणून आपल्या आधीच्या पिढीने शिव्या खाल्ल्या आहेत. पण संस्कृती कधी ओट्याशी येऊन उभी राहत नाही. शंकरमामंजी राहतात. आपल्या भाषणात पद्धत दिसते पण माणूस दिसत नाही, आणि विकासाच्या पुस्तकात फक्त आरशातली स्वतः दिसते. दोन्ही एकमेकांत गुंतलेले दाखवायचं काम चांगली कादंबरी करते. म्हणून मला ती कपाटात वरच्या फळीवर हवी आहे.

बैठकीत एक आक्षेप मात्र असा आला की त्याला हसून उत्तर देता येणार नाही. आमची एक दलित कार्यकर्ती म्हणाली, "वाड्यातल्या बायकांची दुःखं आमच्या पोरींनी का वाचायची? त्या वाड्यात आमच्या आज्यांना पायरी तरी चढू दिली असती का?" बरोबर आहे. नसती दिली. आपट्यांच्या त्या जगात वाड्याबाहेरची बाई जवळजवळ नाहीच, आणि 'अभिजात' हा शब्द कोणी, कोणासाठी, कोणत्या गल्लीत बसून वापरला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण म्हणून कपाट बंद करायचं की भरायचं? अण्णाभाऊंची 'फकिरा' १९५९ ची, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. ती अभिजात नाहीत असं म्हणायची कोणाची छाती आहे? आणि विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांची 'बळी' १९५० ची. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना तारेच्या कुंपणात डांबणाऱ्या वसाहतींच्या खात्यात मालतीबाईंनी नोकरी केली होती. त्या अनुभवावर ही कादंबरी आहे. आमच्या सोलापुरात अशी वसाहत होती, आजही त्या भागाला लोक 'सेटलमेंट'च म्हणतात. समाजकार्य शिकताना त्या वस्तीत आम्ही क्षेत्रकार्य केलं, प्रश्नावल्या भरून घेतल्या, आणि दोन वर्षांत एकाही शिक्षकाने आम्हाला 'बळी' वाचायला सांगितली नाही. मी ती पस्तिसाव्या वर्षी वाचली. सरकारी पगार घेऊन बायामाणसांचं 'कल्याण' करणाऱ्या बाईने आपल्याच खात्याकडे कसं पाहिलं, हे वाचताना मला दोन-तीन वेळा पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

आणि विरोध करत वाचायलाही आधी वाचावं लागतं. १८८२ मध्ये बुलढाण्याहून 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंद्यांनी आपल्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बायकांच्या चित्रणावर आसूड ओढला. तो ओढता आला, कारण त्यांनी ती वाचली होती. आपली पहिली भांडखोर लेखिका कादंबऱ्यांची वाचक होती, हे विसरायला नको.

दुसरा आक्षेप नेहमीचा. कष्टकरी बाईला याला वेळ कुठे? विडीचाच विषय निघाला आहे म्हणून तंबाखूच्या दुसऱ्या एका गावची गोष्ट सांगते. क्युबात हवानाच्या चिरूट कारखान्यांत १८६५ पासून कामगारांनी एक प्रथा पाडली. चिरूट वळता वळता ऐकायला त्यांनी वाचक नेमला. तो उंच बैठकीवर बसून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायचा. त्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. सरकारने वर्षभरातच बंदी घातली. ती पुढे उठली, प्रथा टिकली, आणि एका प्रसिद्ध चिरुटाला 'मॉन्ते क्रिस्तो' हे नाव कामगारांच्या त्या आवडत्या कादंबरीवरून पडलं असं सांगतात. कष्टकऱ्यांना कादंबरी परवडत नाही हे कष्टकऱ्यांनी ठरवलेलं नाही. पुन्हा तोच प्रश्न, कोणी ठरवलं?

मी काही कादंबरीची पुजारीण नाही. त्याच गठ्ठ्यात अशीही पुस्तकं होती ज्यांतली प्रत्येक सून झिजून झिजून देवी होते, आणि ती मुलींना सर्वांत जास्त आवडली. त्यावर आमची कडाक्याची भांडणं झाली. आणखी दोघींनी 'पण लक्षात कोण घेतो' नेली आणि वीस पानांत परत आणली, भाषा झेपत नाही म्हणून. ते ठीक आहे. वाचनाने मुलगी बंडखोर होईलच असं लिहून देता येत नाही, आणि म्हणूनच ते कोणत्याही निधीच्या अहवालात बसत नाही. 'किती लाभार्थींमध्ये किती टक्के बदल' या रकान्यात मी काय भरू? एक आई 'आणि मी' म्हणाली?

तिच्यात बदल काय झाला हे तिला स्वतःलाच विचारलं. ती म्हणाली, "मी मोठी झाले असं नाही वाटत. आधी मला सगळ्यांचा राग यायचा, नाहीतर कोणाचाच नाही. आता कोणाचा किती ते कळतं." आईवरचा राग कमी झाला, मामाशी बोलणं बंद आहे. नंतर तिने 'कळ्यांचे निःश्वास' वाचलं. विभावरी शिरूरकरांचा हा १९३३ चा संग्रह आला तेव्हा लिहिणारी कोण यावरून केवढा गदारोळ झाला होता. शिकलेल्या, मिळवत्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मिळकतीवर घर चालतं आणि तिच्या आयुष्याचा विचार कोणी करत नाही, हे त्यात आहे. ते वाचून ही मुलगी आठवडाभर गप्प होती. मग तिने घरी सांगितलं की तिच्या वाटणीच्या विड्यांची मजुरी यापुढे तिच्या खात्यात जाईल आणि घराला किती द्यायचं ते बसून ठरवू. आईला हे अजून पटलेलं नाही. रोज वाद चालतो. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष चालू आहे, आणि स्थळंही येताहेत. पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

तर बैठकीपुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आहेत. बारा हजारांपैकी सहा हजारांची कथा-कादंबऱ्यांची पुस्तकं, मुलींनीच निवडलेली. शनिवारी तीन ते पाच केंद्रात कोणतंही प्रशिक्षण नाही, कोणी कोणाला 'यातून काय शिकलीस' असं विचारायचं नाही. आणि कपाटाची किल्ली मुलींकडे. कंपनीचे सहा हजार कापले गेले तर आपण वर्गणी काढू, हवानाच्या कामगारांनी काढली तशी.

ठराव अजून मंजूर नाही. दोघी स्पष्ट विरोधात आहेत. त्यांतली एक, भिशी मंडळवाली, परवा जाताना 'बळी' पिशवीत घालून घेऊन गेली. नोंदवहीत सही मात्र केली नाही.